बंबघरातल्या डिझेल-हीटरची दुरुस्ती : प्रकल्प नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसऱ्याला पान्यांवर, पकडींवर झेंडूची फुलं वाहिली. आज ती हत्यारं कामाला लागली. बंबघरातला डिझेलचा हीटर पूर्ण उघडायचा, साफ करायचा आणि नरकचतुर्दशीच्या पहाटेआधी, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या आत, भरवशाने पेटेल असा उभा करायचा, असं ठरवलं आहे.

यंत्राची माहिती आधी लिहून ठेवते, कारण घरात ती कुठेच लिहिलेली नाही. उभी टाकी, १२० लिटरची, आतून काचेचा मुलामा दिलेली. तळाशी अग्निविटांची छोटी भट्टी आणि तिच्या तोंडाशी आडवा बसवलेला बर्नर. भट्टीतला गरम धूर टाकीच्या मधोमध गेलेल्या नळीतून वर चढतो, वाटेत पाण्याला उष्णता देतो आणि पत्र्याच्या धुराड्यातून गच्चीच्या वर निघून जातो. मामंजींनी १९८९ साली एका गिरणीच्या अतिथिगृहाचं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा हा घेतला. त्याआधी त्या जागी तांब्याचा बंब होता, म्हणून खोलीचं नाव बंबघरच राहिलं.

तक्रार अशी. गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत पाणी तापायला वेळ वाढत गेला. गच्चीवर वाळत घातलेल्या धोतरांवर, ओढण्यांवर काळे कण पडायला लागले. बर्नर पेटायचा आणि अधूनमधून आपोआप बंद पडायचा. मग लाल बटण दाबायचं, पुन्हा तेच. एका कारागिराने येऊन नोझल, म्हणजे तेलाचा फवारा सोडणारं बारीक तोंड, सुईने कोरून दिलं, थोडे दिवस बरे गेले, मग धूर आणखीच वाढला.

‘काढून टाका, गीझर बसवा’ असं घरात आणि दारात सगळे सांगतात. मी कागदावर मांडून पाहिलं. १२० लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ५,४०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे सुमारे ६.३ युनिट वीज. दोन किलोवॅटच्या गीझरला त्यासाठी तीन तासांहून जास्त वेळ हवा. हा बर्नर नीट चालला तर वीस-बावीस मिनिटांत तेवढं पाणी देतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या या जुन्या दगडी घरात तीन न्हाणीघरं, तीन पिढ्या आणि जुनं वायरिंग आहे. जानेवारीत ग्वाल्हेरला धुकं पडलं की दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही, तेव्हा सौर हीटरचं पाणी कोमटच राहतं. हीटर टाकीतून कुठे गळत नाही, बर्नरची मोटर गुळगुळीत फिरते. अशी वस्तू भंगारात देणं मला पटत नाही.

शेजारच्या आप्पाकाकांना आज दाखवलं. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं गिरणीच्या बॉयलरवर काढली. त्यांनी बटण लावूच दिलं नाही. म्हणाले, “आधी उघड. आत काय साचलंय ते बघितल्याशिवाय पेटवायचं नाही. आणि जे दिसेल ते लिही, नुसतं पुसून टाकू नकोस.”

१६ ऑक्टोबर, बुधवार

वीज मेन स्विचपासून तोडली, डिझेलच्या पिंपाखालचा कॉक बंद केला, दोन्हींवर कागद बांधला: ‘काम चालू आहे, हात लावू नये’. घरात मुलं आहेत.

सुट्या भागांची चौकशी. लोहिया बाजारात नोझल म्हटल्यावर सगळ्यांनी बागेला पाणी मारायचं नोझल पुढे केलं. उत्तर भलतीकडे मिळालं. बेकरीत टोस्ट-पाव भाजायच्या ज्या फिरत्या रॅकच्या भट्ट्या असतात, त्यातल्या पुष्कळशा डिझेलवर चालतात, आणि त्यांना नेमका याच जातीचा बर्नर असतो: मोटर, पंखा आणि तेलाचा पंप एकाच दांड्यावर, पुढे नोझल आणि ठिणगीचे दोन इलेक्ट्रोड. तेव्हा नोझल, फिल्टर, ज्वालेवर नजर ठेवणारा फोटोसेल हे सगळं बेकरीचं सामान पुरवणाऱ्याकडे मिळतं. ज्याच्याकडे असा जुना हीटर असेल त्याने हार्डवेअरच्या दुकानांत वेळ न घालवता थेट बेकरीवाल्याला विचारावं.

आज कोजागिरी. दूध आटवायचं आहे, काम इथेच थांबवते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

धुराची वाट उघडली. आजचा दिवस या कामाचा कणा ठरला, म्हणून सविस्तर लिहिते.

धुराड्याचा खालचा सांधा सोडवला, टाकीच्या माथ्यावरचं झाकण काढलं आणि मधल्या नळीत टांगलेली पिळाची पट्टी वर ओढली. ही पट्टी धुराला सरळ वर पळू देत नाही, त्याला गोल फिरवते, म्हणजे तो नळीच्या भिंतीला घासून जातो आणि उष्णता पाण्याला देतो. पट्टीचा खालचा वीतभर भाग खाऊन गेला होता. उरलेल्या पट्टीवर बोटाच्या पेराएवढी जाड काजळी.

मी ब्रश घालणार तोच आप्पाकाकांनी थांबवलं. जुन्या चाकूने त्यांनी नळीच्या भिंतीवरचा थर खालपर्यंत खरवडला आणि तो तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवला. त्यात दोन थर स्पष्ट दिसत होते. भिंतीला चिकटलेला थर पातळ, कडक, पिवळट-करडा. त्यावरचा मऊ, मखमली, काळाभोर, फुंकर मारली तर उडणारा.

खालचा थर जुन्या डिझेलचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या डिझेलमध्ये गंधक १ टक्क्यापर्यंत असायचं. ते जळून धुरात जातं, थंड भिंतीवर ओलाव्याशी मिळून आम्ल होतं आणि लोखंडाला धरून असली खर तयार करतं. पुढे गंधक टप्प्याटप्प्याने कमी होत गेलं आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानकाचं डिझेल आलं, ज्यात ते दहा लाख भागांत फक्त १० भाग आहे. म्हणजे खालची खर वर्षानुवर्षांची आणि ती वाढायची आता जवळजवळ थांबलेली. वरची काजळी मात्र पूर्णपणे अलीकडची. काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. ती तेलात गंधक किती यावर ठरत नाही, तेल अर्धवट जळलं की होते.

यातून मला जे कळलं ते महत्त्वाचं. हीटर म्हातारा झाला म्हणून धूर धरत असता, तर काजळी आणि खर एकमेकींत मिसळत हळूहळू वाढलेली दिसली असती. इथे पंचवीस-तीस वर्षं स्वच्छ जळणारं यंत्र एका विशिष्ट वेळेपासून अर्धवट जळायला लागलं आहे. तेव्हा काहीतरी बदललं. काय बदललं, ते शोधायचं आहे.

मग सफाई. नळीत वरून तारेचा ब्रश, भट्टीत खाली ओला कपडा पसरलेला, तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. भट्टीच्या विटा शाबूत आहेत, एका सांध्यात भेग होती ती अग्निमातीने बुजवली. नवी पिळाची पट्टी स्टेनलेसच्या पत्र्याची करायला दिली आहे, जुनीच्याच मापाने.

२० ऑक्टोबर, रविवार

बर्नर टेबलावर घेतला. सोडवण्याआधी प्रत्येक बाजूने फोटो काढले, इलेक्ट्रोडच्या टोकांची अंतरं पट्टीने मोजून लिहून ठेवली.

नोझलच्या षटकोनी अंगावर कोरलेलं आहे: ०.५०, ६० अंश. पहिला आकडा ताशी किती तेल सोडणार त्याचा, अमेरिकी गॅलनमध्ये, ७ बार दाबावर. दुसरा आकडा फवाऱ्याच्या कोनाचा. आमच्या पंपाचा दाब १० बार आहे. दाब वाढला की प्रवाह त्याच्या वर्गमुळाने वाढतो, तेव्हा प्रत्यक्षात ताशी सव्वादोन लिटर तेल जातं. एक लिटर डिझेलमधून सुमारे १० युनिट उष्णता मिळते, म्हणून हा बर्नर साधारण २२ किलोवॅटचा.

भिंगातून पाहिलं तर भोकाच्या कडेला सुईचा ओरखडा आहे. नोझलच्या आत केसाएवढ्या तिरप्या खाचा असतात. त्या तेलाला गरगर फिरवून बाहेर फेकतात, म्हणून धुक्यासारखा बारीक फवारा होतो. कडेला ओरखडा पडला की फवारा एकीकडे कलतो, थेंब मोठे होतात, मोठा थेंब पूर्ण जळत नाही. नोझल साफ करायची वस्तूच नाही, बदलायची आहे. सुई, टाचणी, तार यांपैकी काहीही त्याच्याजवळ नेऊ नये.

इलेक्ट्रोडच्या चिनी मातीच्या नळ्यांना तडा नाही. टोकं झिजली होती, घासून सरळ केली, अंतर ३ मिलिमीटर ठेवलं. टोकं फवाऱ्याच्या वाटेत येत नाहीत ना हे दोनदा तपासलं. तशी आली तर त्यांच्यावर कोळसा चढतो आणि ठिणगी भलत्याच वाटेने जाते.

फोटोसेल काळवंडलेला होता. हा छोटा डोळा ज्वाला पाहतो. दिसली नाही तर काही सेकंदांत तेल बंद करून यंत्र अडवतो. मऊ कपड्याने पुसून मीटर लावला: काळ्या कापडात एक लाख ओमच्या वर, टॉर्चच्या उजेडात हजाराच्या खाली. सेल उत्तम आहे. तेव्हा मधेच बंद पडायचं कारण सेल नव्हता, त्याच्यावर साठलेली काजळी होती. लाल बटणाविषयी घरातल्या सगळ्यांना आज बजावून सांगितलं: ते एकदा दाबायचं, फार तर दोनदा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात भट्टीत न जळलेलं तेल साचतं, आणि मग पेटतं तेव्हा भडका उडतो.

पंपाची जाळी धुतली. पिंपाच्या तळातून दोन बाटल्या पाणी आणि गाळ निघाला. फिल्टरची फेल्टची कांडी टाकून दिली, नवी येईल.

एक गोष्ट वहीत अधोरेखित करून ठेवते, अजून उलगडलेली नाही. पंख्याच्या हवेची झडप पूर्ण उघडी मिळाली. कोणीतरी, बहुधा त्याच कारागिराने, धूर पाहून ती शेवटपर्यंत उघडली असणार. झडप पूर्ण उघडी आणि तरी अर्धवट ज्वलन? निव्वळ कललेल्या फवाऱ्याने एवढी काजळी होईल असं आप्पाकाकांनाही वाटत नाही. सुई लागली गेल्या हिवाळ्यात, धूर त्याआधीपासून होता.

२३ ऑक्टोबर, बुधवार

नोझल, फिल्टर आणि फोटोसेलची रबरी गादी आली. पिळाची पट्टी आली, माप बरोबर आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पाण्याची बाजू. आमच्याकडे नळाला तिघरा धरणाचं पाणी येतं. तिघरा सांक नदीवर, शिंदे संस्थानाच्या काळातलं. १९१७ च्या पुरात फुटलं आणि पुन्हा बांधलं गेलं. ते पाणी तसं मऊ. पण उन्हाळ्यात पुरवठा अपुरा पडला की बोअरचं पाणी टाकीत चढतं, आणि ते जड. टाकीच्या तळाशी क्षार बसतात, नेमके भट्टीच्या डोक्यावर. पाणी आणि आच यांच्यामध्ये तो थर आला की तळाचा पत्रा गरजेपेक्षा तापतो, थराखाली अडकलेलं पाणी उकळून गुडगुड आवाज येतो. तो आवाज आम्ही सगळे ‘हीटर सुरू झाला’ची खूण समजत होतो.

टाकी भरलेली असतानाच माथ्यावरचा ॲनोड सोडवला, कारण रिकामी टाकी पान्याच्या जोराने हलते. लांब पाइप घालून मी आणि भाऊजींनी मिळून जोर लावला तेव्हा आटे सुटले. मॅग्नेशियमच्या कांडीची उरली होती नुसती मधली तार. ही कांडी स्वतः झिजते म्हणून टाकीचं पोलाद वाचतं. काचेच्या मुलाम्याला कुठे बारीक तडा असेल तर गंज तिथे जायच्याऐवजी कांडीकडे जातो. नवी बसवली, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून.

मग तळाचा कॉक उघडला. आधी काहीच आलं नाही, क्षाराने तोंड धरलं होतं. काडीने मोकळं केलं, थंड पाण्याचा व्हॉल्व झटक्याझटक्याने उघड-मीट केला, तेव्हा पांढरी कच बाहेर पडायला लागली. उरलेल्यासाठी कोमट पाण्यात लिंबाचं फूल (सायट्रिक ॲसिड) विरघळवून रात्रभर ठेवलं आहे. बाजारातलं तेजाब घालायचं नाही, पोलाद आणि पितळी सांधे दोन्ही खाईल.

सुरक्षा झडपेचा दांडा उचलून पाहिला, पाणी मोकळं सुटलं. तिची नळी उघडी, खाली वळलेली, मोरीत सोडलेली आहे. तिला कोणी कधी बूच लावू नये.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळी टाकी धुऊन निघाली. सगळं जोडलं. पंपाचा हवा काढायचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाईपर्यंत तेल वाहू दिलं, दाबमापक लावून १० बार ठेवला.

बेकरीच्या भट्ट्या दुरुस्त करणारे उस्ताद त्यांचा धूर-पंप घेऊन आले. साधं उपकरण आहे: पंपात पांढऱ्या गाळणकागदाची पट्टी घालायची, धुराड्याला पाडलेल्या भोकातून दहा वेळा धूर ओढायचा, कागदावर जो डाग पडेल तो ० ते ९ अशा छापील पट्टीशी जुळवायचा. ० म्हणजे पांढरा, ९ म्हणजे काळा. धुराड्याच्या तापमानाला मी प्रयोगशाळेतला थर्मोकपल आणला होता.

बर्नर पहिल्याच ठिणगीला पेटला. ज्वाला पिवळसर-पांढरी, टोकं स्वच्छ, आवाज एकसारखा. हवेची झडप उस्तादांनी निम्म्याच्या जरा पुढे आणली. धूर-पंपाचा डाग: १. धुराडं: २४० अंश. सगळ्यांचे चेहरे खुलले.

मला अधोरेखित केलेली ओळ आठवत होती. मी म्हटलं, रोज हा असा चालत नाही. रोज दार बंद असतं, आत कोणी उभं नसतं. हत्यारं बाहेर काढली, दार लावून घेतलं आणि दहा मिनिटं चालू दिला. मग आत जाऊन पुन्हा डाग घेतला: ६. ज्वाला नारिंगी, टोकं काळी, लांब आणि आळसावलेली. झडपेला कोणी हात लावलेला नव्हता.

आईंनी देवघरातून उदबत्ती दिली. बंद दाराच्या खालच्या फटीशी ती धरली तर धूर फटीतून सरळ आत ओढला जात होता. मी आत जाऊन धुराड्याच्या सांध्याशी धरली तर तिथे धूर सांध्याकडे जायच्याऐवजी खोलीकडे ढकलला जात होता. म्हणजे बर्नर खोलीतली हवा पितो आहे, खोलीत हवा यायला वाट नाही, आणि अखेर धुराड्यातूनच उलटी हवा ओढली जाते आहे, तिच्याबरोबर धूरही. बर्नर लगेच बंद केला, दार उघडलं, सगळे अंगणात आलो.

आप्पाकाकांनी वर पाहिलं आणि विचारलं, “इथे रोशनदान होतं ना गं?”

होतं, छताजवळचा झरोका. माकडं आत शिरून साबण, तेलाच्या बाटल्या उचलून न्यायची, आणि धुळीने टाकी माखायची. म्हणून भाऊजींनी घराची डागडुजी केली तेव्हा रोशनदान विटांनी बंद केलं आणि जुनं फटींचं दार काढून नवं, घट्ट बसणारं लोखंडी दार लावलं. दोन्ही कामं चांगली होती, मनापासून केलेली होती. वर्ष विचारलं: २०२१. काजळीच्या वरच्या थराचा जन्म तेव्हाचा.

२८ ऑक्टोबर, सोमवार

रात्री आकडे मांडले, ते इथे उतरवते, कारण हा मुद्दा प्रत्येक जळणाऱ्या यंत्राला लागू आहे.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. लिटरवर आणलं तर सुमारे १० घनमीटर, आणि सुरक्षिततेसाठी चतुर्थांश जास्त धरायची तर साडेबारा. ताशी सव्वादोन लिटरला ताशी २८ घनमीटर. आमचं बंबघर २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, अडीच मीटर उंच, म्हणजे साडेसात घनमीटर. हा बर्नर खोलीतली सगळी हवा तासाला जवळजवळ चार वेळा संपवतो. खोली बंद केली तर तो कुठून आणणार? मोटरला, ठिणगीला, नोझलला आपण दोष देत राहतो, कारण ते डोळ्यांना दिसतात आणि बाजारात मिळतात.

आणि काजळी हे या दोषाचं दिसणारं रूप. न दिसणारं रूप कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस थंडी बाधली समजून पांघरूण ओढतो. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून आंघोळीला गेलेली माणसं परत उठली नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात वाचतो. आमच्या बंबघराची एक भिंत मुलांच्या न्हाणीघराला लागून आहे आणि तिथे वर नळांसाठी मोकळी जागा आहे. हे लिहिताना हात थरथरतो. गेल्या हिवाळ्यात धाकटी आंघोळीनंतर डोकं जड झालं म्हणायची.

संध्याकाळी वसुबारसेचं आटोपून भाऊजी स्वतःच छिन्नी-हातोडा घेऊन आले. “वहिनी, किती मोठं पाहिजे ते खुणा करून द्या.” अशा खोलीला दोन वाटा हव्यात, एक छताजवळ, एक जमिनीजवळ, आणि ताशी दर १,००० बीटीयूमागे (बीटीयू हे उष्णतेचं इंग्रजी माप) प्रत्येकी किमान एक चौरस इंच मोकळी जागा, असा रूढ नियम आहे. २२ किलोवॅट म्हणजे ताशी ७५,००० बीटीयू. ७५ चौरस इंच, साधारण २२ सेंटिमीटर बाजूचा चौकोन. जाळी थोडी जागा खाते म्हणून त्याहून मोठं करायचं. जुनं रोशनदान ४५ बाय ३० सेंटिमीटरचं, ते पूर्ण मोकळं केलं. दाराच्या तळाला २५ बाय २५ चा चौकोन कापला. दोन्हींना जाड तारेची जाळी, माकडाचा हात न जाईल अशी. बारीक मच्छरजाळी लावायची नाही, धुळीने ती महिन्यात बुजते.

नळांभोवतीची ती मोकळी जागा चुन्या-सिमेंटने बंद केली.

३० ऑक्टोबर, बुधवार

दार बंद ठेवून अर्धा तास चालवला. डाग: १, सुरुवातीला आणि शेवटीही. उदबत्ती धुराड्याच्या सांध्याशी आत ओढली जाते, तसंच हवं. धुराडं २४० अंशांवर स्थिर. सफाईआधी हा आकडा घ्यायची सोय नव्हती, पण उस्ताद सांगतात, अशा काजळीच्या नळीत तो चारशेच्या घरात जातो. धुराचं तापमान दर २२ अंशांनी उतरलं की कार्यक्षमता १ टक्क्याने वाढते, हा बॉयलरवाल्यांचा हिशेब. अपुऱ्या ज्वलनात फुकट गेलेलं तेल वेगळंच.

कार्बन मोनॉक्साइडचे दोन बॅटरीवाले गजर आणले, एक मुलांच्या न्हाणीघराबाहेर, एक आईंच्या खोलीत. बटण दाबून वाजवून दाखवले. वाजला तर काय करायचं तेही: खिडक्या-दारं उघडायची, बर्नरचा स्विच बाहेरून बंद करायचा, सगळ्यांनी अंगणात. त्यासाठी स्विच बंबघराच्या बाहेर काढून घेतला आहे.

३१ ऑक्टोबर, गुरुवार, नरकचतुर्दशी

पहाटे चारला स्विच लावला. टाकी बावीस मिनिटांत तापली, पाऊण लिटरच्या आसपास तेल गेलं, कागदावरच्या हिशेबाला धरून. उटणं, तेल, अभ्यंगस्नान सगळ्यांचं झालं, शेवटच्या माणसालाही कढत पाणी मिळालं. बंबघराच्या दाराशी पणती ठेवायला मुलं निघाली होती; ती जागा तेलाची, म्हणून पणती तुळशीपाशी लावायला सांगितली.

१७ नोव्हेंबर, रविवार

तपासणी. डाग १. नळीत आरशाने पाहिलं, भिंतीवर फक्त करडी भुकटी. गच्चीवरचे कपडे स्वच्छ आहेत. गुडगुड आवाज गेला. आईंना सुरुवातीला चुकल्यासारखं वाटत होतं, आता सवय झाली.

डिझेल किती साठवावं असं भाऊजींनी विचारलं. पेट्रोलियम कायद्याप्रमाणे डिझेल ‘ब’ वर्गात येतं आणि एका जागी २,५०० लिटरपर्यंत, कोणतंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर, परवाना लागत नाही. आमचं २०० लिटरचं पिंप त्यात आरामात बसतं. पण परवाना लागत नाही म्हणून निष्काळजीपणा करायचा नाही: पिंप उघड्या शेडमध्ये, चुलीपासून, विजेच्या बोर्डापासून लांब, शेजारी वाळूची बादली.

५ जानेवारी २०२५, रविवार

दाट धुकं. सकाळी बर्नर पेटला, मग दाब खाली येत गेला आणि बंद पडला. लाल बटण कोणी दाबलं नाही, मला हाक मारली, याचा मनापासून आनंद झाला.

फिल्टरच्या काचेच्या वाटीत डिझेल दुधाळ दिसत होतं. डिझेलमध्ये मेण असतं आणि थंडीत ते कणांच्या रूपाने वेगळं होतं, फिल्टरची छिद्रं बुजवतं. आयएस १४६० या मानकाप्रमाणे डिझेलचं वाहणं ज्या तापमानाला थांबतं, ते हिवाळ्यात जास्तीत जास्त ३ अंश असावं लागतं, उन्हाळ्याच्या मालाला मात्र १५ अंशांपर्यंत चालतं. आमच्या पिंपात तळाशी उन्हाळ्यात भरलेलं तेल अजून होतं.

उपाय केला तो असा. तळाचं जुनं तेल काढून जनरेटरसाठी शेजारच्या मंगल कार्यालयाला दिलं. हिवाळ्यातलं ताजं भरलं. फिल्टर शेडमधून काढून बंबघराच्या आतल्या भिंतीवर, बर्नरजवळ आणला, शेडमधल्या तांब्याच्या नळीला काथ्या आणि गोणपाट गुंडाळलं. मेण वितळवायला फिल्टरवर गरम पाण्याची ओली फडकी ठेवली. बत्ती, स्टोव्ह असलं काहीही जवळ नेलं नाही. तासाभरात पेटला.

दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये घालून कागद लावला आहे, पुढच्या माणसासाठी: नोझल ०.५०, ६० अंश, दरवर्षी बदलणे. पंप १० बार. इलेक्ट्रोड ३ मिलिमीटर. हवेची झडप खुणेवर, रंगाने ओढलेली आहे. डाग १ किंवा कमी. २ आला तर आधी दोन्ही जाळ्या पाहणे. ॲनोड दर दोन वर्षांनी पाहणे. पिंपातलं उन्हाळ्याचं तेल डिसेंबरआधी संपवणे. पूर्ण सफाई मार्चअखेर, हीटर बंद करताना, कारण नळीत उरलेली काजळी पावसाळ्यात ओल धरते आणि पत्रा खाते.

मार्चमध्ये उस्तादांना धूर-पंपासाठी आधीच सांगून ठेवायचं आहे. लग्नसराईत बेकऱ्यांच्या भट्ट्या दिवसरात्र चालतात, तेव्हा ते मिळत नाहीत.